घरची डिझेल पिकअप विकतोय. पुढची गाडी पुन्हा डिझेल घ्यावी का?

कादवाकाठ

आमची पिकअप विकायची ठरली. २००९ ची महिंद्राची गाडी, २५२३ सीसीचं डिझेल इंजिन. यंदाच्या पासिंगआधी टायर, पाटे, पत्र्याचं काम, रंग असा सगळा खर्च वहीत मांडला. आण्णांनी वही बघितली, मिटली आणि म्हणाले, "पुरे आता. तिने खूप केलं आपल्यासाठी."

निफाड तालुक्यात आमची शेती आहे. ऑगस्टपासून टोमॅटो, जानेवारीपासून द्राक्षं. गाडी येण्याआधी माल दुसऱ्याच्या टेम्पोतून वाशीला जायचा आणि टेम्पोवाला म्हणेल ती वेळ धरावी लागायची. बाजार उतरल्यावर माल पोचायचा, असं कितीदा तरी झालं. स्वतःची गाडी आली आणि रात्री क्रेट भरून पहाटेच्या बाजाराला उभं राहणं आमच्या हातात आलं. येताना भिवंडीहून परतीचं भाडं मिळायचं. ते ओझं घेऊन कसारा चढताना आण्णा गाडी दुसऱ्या गिअरात टाकायचे आणि वरपर्यंत गिअर बदलायचे नाहीत. इंजिन एका सुरात चालायचं. मी बारावीत होतो, शेजारी बसून त्या सुरावर झोपायचो. सूर जरा बदलला की जाग यायची.

तेव्हा डिझेल घ्यायला आण्णांकडे तीन कारणं होती. डिझेल स्वस्त होतं, ओझ्याला इंजिन दबत नव्हतं आणि बिघडलं तर पिंपळगावचा मिस्त्री झाडाखाली खोलून संध्याकाळपर्यंत बसवून द्यायचा. २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले, आणि २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३, डिझेल ९० असे भाव होते. म्हणजे पहिलं कारण बरंचसं गेलं. तिसरं डोळ्यांदेखत जातंय, कारण नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की आमचा मिस्त्री मागे सरकतो. उरलं एक. त्या एकावर दहा लाखांच्या आसपासची गाडी घ्यावी का?

सीएनजी आणि इलेक्ट्रिकवाल्यांनीही लिहा. आमची फेरी जाऊन-येऊन चारशे किलोमीटरची, ओझं सव्वा ते दीड टन, हंगामात आठवड्याला चार फेऱ्या.

मिस्त्रीचा_मुलगा

दादा, तुमचं लिहिलेलं वाचून वडिलांची आठवण झाली. त्यांचं नाशिकला पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचं दुकान होतं. आमच्याकडे पंप-नोझल म्हणजे मायको. कंपनीच्या पाटीवर बॉश कधीच आलं, पण नाशिककर आजही मायको सर्कलच म्हणतात.

वडिलांनी जुनी इंजिनं ओळखायची एक खूण शिकवली होती. आकड्यातला पहिला अंक सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं एक्सडीपी ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० चा बोअर, २११२ सीसी. टाटाचं ४८३ म्हणजे चार आणि ८३, भरतात १९४८ सीसी. ते १९८८ च्या टाटामोबाइलमध्ये आलं, आणि त्याच पिकअपच्या सांगाड्यावर पुढे सिएरा आणि इस्टेट उभ्या राहिल्या. आपल्याकडे आधी पिकअप आणि तिच्यातून घरची गाडी, असा उलटा प्रवास झाला आहे. ४९७ म्हणजे २०७ डीआयचं, २९५६ सीसी. आणि २००५ चा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, त्याचं २७५: दोन सिलिंडर, ७५ चा बोअर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. इंडिकाचं ४७५ निम्मं केलं की २७५. सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत होती. आमच्या गल्लीतल्या तिघांनी तीनचाकी विकून तो घेतला, आणि त्यातल्या दोघांची लग्नं त्यानंतर जमली, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आता तुमच्या २५२३ बद्दल. त्याचा बोअर साडेतीन इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, चार इंच. मिलिमीटरच्या जमान्यात इंच कुठून आले, तर ते इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातलं आहे. महिंद्राने १९६३ मध्ये त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. लांब स्ट्रोकचं, सावकाश फिरणारं इंजिन. तुमचे आण्णा कसाऱ्यात दुसऱ्या गिअरवर निवांत होते, कारण खाली नांगर ओढणाऱ्याचं रक्त होतं. आजच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) पिकअपमध्येही २५२३ सीसी टिकून आहे. वरचं सगळं मात्र बदललं: कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून जादा दाबाचं डिझेल), टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा), ईसीएम (इंजिनाचा संगणक).

आणि हा बदलच मिस्त्रीला मागे सारतो. वडील नोझल टेस्टरवर लावायचे, दांडा दाबायचे आणि फवारा बघायचे. धुक्यासारखा सुटला तर ठीक, टोकाला थेंब लोंबला तर नोझल गेलं. शे-दोनशे बारवर ते उघडायचं. आम्हा मुलांना टेस्टरसमोर बोट न्यायची बंदी होती, कारण तेवढ्या दाबाचा फवाराही कातडीतून आत शिरतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर असतो आणि फवारा कधी सुटायचा ते ईसीएम ठरवतो. डोळ्याने, कानाने, बोटाने करायचं काम तिथे संपतं. वडिलांनी २०१८ मध्ये टेस्टर विकला. विकत घेणारा ट्रॅक्टरवाल्यांची कामं करतो, त्याच्याकडे तो अजून चालू आहे.

पंचगंगा

कोल्हापुरात बेकरीचा माल वाटतो, रोज साठ-सत्तर किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी डिझेल सोडून सीएनजी घेतली. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हाच मनात भरलं होतं. किलोमीटरमागचा खर्च कमी आहे, सकाळी आवाज नाही, धूर नाही. पण माझा माल हलका आहे. पाव-खारीचं ओझं ते काय. पन्हाळ्याच्या चढाला भरलेली गाडी न्यायची झाली तर इंजिनाचा कस कमी पडतो हे जाणवतं, आणि टाक्यांचं वजन आपण कायम वाहत असतो. पंपावरची रांग वेगळीच. हंगामात पहाटेचा बाजार गाठायचा असेल तर त्या रांगेचा हिशेब आधी करा, दादा.

चिखलीचा_अभियंता

मी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो. धागा बघून राहवलं नाही. थोडं लांबेल.

इंजिनं इतकी गुंतागुंतीची का झाली, ते आकड्यांत बघा. हलक्या मालवाहू गाड्यांपैकी जड गटातल्या डिझेल गाडीला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे ३९० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये १२५. काजळीच्या कणांना ६० मिलिग्रॅमची मुभा होती, ती ४.५ वर आली. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ देशभर, आणि तीनच वर्षांत, १ एप्रिल २०२० ला, बीएस-५ गाळून थेट बीएस-६. इंधनातलं गंधकही ५० पीपीएमवरून १० वर आणावं लागलं, नाहीतर धुराड्यातली नवी यंत्रणा टिकली नसती.

डिझेलची मूळ अडचण अशी आहे की ज्वलन कडक केलं तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, थंड केलं तर काजळी वाढते. एकाला दाबलं की दुसरं वर येतं. मग ईजीआरने धुराचा काही भाग परत आत फिरवून ज्वलन थंड करायचं, वाढलेली काजळी डीपीएफच्या जाळीत अडवायची आणि उरलेल्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळा कॅटॅलिस्ट किंवा युरियाच्या पाण्याची फवारणी. ही सगळी यंत्रणा ७०० सीसीच्या इंजिनाला लावा की २५०० सीसीच्या, खर्चात फार फरक पडत नाही. स्वस्तातल्या छोट्या गाडीला तो बोजा झेपत नाही. मारुतीच्या सुपर कॅरीत २०१६ मध्ये ७९३ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल आलं होतं, ते २०२० मध्ये बंद झालं. छोट्या गाड्यांच्या वर्गातलं डिझेल नियमाने कुणी बंद केलं नाही, ते हिशेबात बसेना म्हणून चाललं आहे.

दीड टनाचा वर्ग वेगळा आहे. तिथे डिझेल टिकून आहे आणि त्याला कारण आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. टाटाचा एस ईव्ही २०२२ मध्ये आला, त्याची बॅटरी २१.३ युनिटची, म्हणजे ऊर्जेने दोन लिटर डिझेलइतकी. इलेक्ट्रिक मोटर फारशी ऊर्जा वाया घालवत नाही, त्यामुळे ते दोन लिटर सहा लिटरचं काम करतात. प्रमाणित रेंज १५४ किलोमीटर. गावातल्या वाटपाला भरपूर झालं. तुमच्या चारशे किलोमीटरला, तेही टोमॅटो गाडीत असताना, मधे चार्जिंगला थांबणं आज परवडणारं नाही.

महिंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये व्हीरो आणली, तिचा सांगाडाच असा बनवला आहे की त्यावर डिझेल, सीएनजी किंवा बॅटरी बसावी. बनवणाराच तिन्ही दारं उघडी ठेवतो आहे. पुढची दहा वर्षं एकाच इंधनाची नसणार, एवढं त्यातून मला तरी कळतं.

आमराई

मी रत्नागिरीकडचा. हापूसच्या पेट्या आंबा घाटातून कोल्हापूर आणि पुण्याला नेतो. माझा अनुभव लिहितो, कंपनीचं नाव लिहीत नाही.

बीएस-६ डिझेल घेतली. पहिल्या वर्षी काही त्रास नाही. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, भर हंगामात, साखरप्याच्या पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घाट लागायच्या आत गाडीने दमच सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वीस-पंचवीसच्या वर जाईना. फोन केला तर सेवा केंद्रवाला म्हणाला, उद्या सकाळी टेम्पोवर टाकून आणा. मागे २०० पेट्या, दुपारचं ऊन. शेजारच्या गावातल्या एकाची १९९८ ची जुनी गाडी मागवली, रस्त्यावरच माल तिच्यात चढवला आणि त्या म्हाताऱ्या गाडीने पेट्या घाटावर नेल्या. ते दृश्य मी विसरू शकत नाही. आपण पुढे गेलो की मागे, असं त्या दिवशी मनापासून वाटलं.

घाटरस्ता

आमराई भाऊ, सोपा उपाय आहे. डीपीएफ आतून रिकामा करून घ्या, ईसीएममधून बंद करून देणारे लोक मिळतात. परत दिवा लागणार नाही.

शेवंती

घाटरस्ता, हे कृपा करून करू नका आणि कुणाला सांगूही नका.

माझा पुण्यात फुलांचा व्यवसाय आहे. वीस वर्षं पहाटे तीनपासून मार्केट यार्डात उभी राहते. आधी सासूबाई उभ्या राहायच्या. गाड्या चालू ठेवून माल उतरायचा आणि तो धूर आम्ही बायका, हमाल, चहावाली पोरं छातीत घ्यायचो. सासूबाईंना शेवटची सहा वर्षं श्वासाच्या पंपाशिवाय रात्र काढता आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून जाहीर केला. ते वाचलं तेव्हा मला सासूबाईंचा पदर आठवला. रात्री धुताना बादलीतलं पाणी काळं व्हायचं.

तो डीपीएफचा डबा रिकामा केला की गाडीचा त्रास संपतो आणि आमचा सुरू होतो. मी गेल्या वर्षी छोटी इलेक्ट्रिक घेतली. रोजचे पन्नास किलोमीटर, रात्री घरी चार्जिंग. माझ्या कामाला पुरते. कादवाकाठ दादांच्या कामाला पुरणार नाही हे मला समजतं, म्हणून त्यांना डिझेल घेऊ नका असं मी म्हणणार नाही. घ्याल ती गाडी धुराड्यासकट नीट ठेवा, एवढंच मागणं.

घाटरस्ता

ताई, चुकलं. मी फक्त रस्त्यात अडकलेल्या गाडीचा विचार केला. आता संपादन करता येत नाही, पण कुणी माझा वरचा सल्ला घेऊ नका.

चिखलीचा_अभियंता

शेवंतीताईंशी पूर्ण सहमत. शिवाय असा फेरफार बेकायदा आहे.

आमराई, तुम्हाला एक विचारतो. हंगामाच्या सुरुवातीला, गाडी बंद पडायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस, ती कुठे फिरत होती?

आमराई

बागेतून पॅकिंग शेडला. दोन-तीन किलोमीटर, दिवसातून दहा-बारा वेळा. लांबची ती पहिलीच फेरी होती.

चिखलीचा_अभियंता

तेच कारण. डीपीएफच्या जाळीत साठलेली काजळी गाडी स्वतः जाळते, त्यासाठी धुराडं सहाशे अंशांच्या घरात तापावं लागतं आणि पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालावं लागतं. बाग ते शेड या फेऱ्यांत इंजिन तापायच्या आतच बंद होतं. जाळायचं काम दरवेळी अर्धवट राहतं आणि जाळी भरत जाते. घाटात ओझं पडलं तोवर ती तुंबलेली होती, म्हणून गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी केला.

उपाय साधा आहे, पण गाडी देताना तो कुणी नीट समजावून सांगत नाही, याचा मला आमच्या क्षेत्रातला माणूस म्हणून राग येतो. छोट्या फेऱ्यांच्या दिवसांत आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा तास सलग चालवा, एक गिअर खाली ठेवून. दिवा लागलाच तर गाडी बंद न करता लगेच हे करा. इंजिन तेल पुस्तिकेत लिहिलेलंच, कमी राखेचं, वापरा. दुसऱ्या तेलाची राख जाळीत बसते आणि ती कधी जळत नाही.

आमराई

हे मला शोरूममध्ये दोन वाक्यांत सांगितलं असतं तर त्या दिवशीच्या २०० पेट्या वेळेत गेल्या असत्या. मनापासून आभार.

दक्षिणगोल

ऑस्ट्रेलियातून लिहितोय. इथे पिकअपला यूट म्हणतात आणि शेतकऱ्याची यूट म्हणजे डिझेलच, हे आजही खरं आहे. महिंद्राची पिकअपही इथे विकली जाते. शेजारच्या मेंढपाळाच्या अंगणात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी गाडी थांबवून उतरलो होतो. मूळचा इगतपुरीचा आहे मी. महिंद्राचा इंजिन कारखाना म्हणजे आमच्या गावाचा भोंगा, अर्ध्या आळीची नोकरी.

इथे २०२५ पासून नव्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनावर कंपनीनिहाय मर्यादा लागू झाली आहे, यूटही त्यात येतात. त्यामुळे कंपन्या प्लग-इन हायब्रीड यूट आणू लागल्या आहेत. पण चारशे किलोमीटरवर पहिला पंप असलेल्या भागातला माणूस अजून डिझेलचीच मागणी करतो. अंतर आणि ओझं जिथे एकत्र येतं तिथे डिझेल सर्वांत शेवटी जाईल असं मला दिसतं.

मिस्त्रीचा_मुलगा

इगतपुरीकर, कारखान्याच्या आठवणींचा वेगळा धागा काढाच. वाचणारे पुष्कळ आहोत.

पंचगंगा

एक शंका. २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या समितीने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२७ पासून डिझेल चारचाकींवर बंदीची शिफारस केली होती. दिल्लीत तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा प्रश्न २०१५ पासून कोर्टात आहे. दादा आता गाडी घेणार आणि पंधरा वर्षं वापरणार. त्याचं काय?

चिखलीचा_अभियंता

शिफारस आहे, कायदा झालेला नाही. पण धोका खरा आहे. नाशिक, ठाणे, नवी मुंबई, तिन्ही दहा लाखांच्या वरची शहरं. म्हणून मी आण्णांसारखं सोळा वर्षांचं गणित मांडणार नाही. सात-आठ वर्षांत गाडी फिटली पाहिजे असं धरून हिशेब करा. त्या हिशेबात बसली तर घ्या.

कादवाकाठ

सगळे प्रतिसाद आण्णांना वाचून दाखवले. २५२३ चं घराणं ट्रॅक्टरचं, हे ऐकून ते उठून अंगणात गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. शेवंतीताईंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "वाशीच्या गेटवर आपणही तासन् तास इंजिन चालू ठेवायचो. थंडीत बंद करायची भीती वाटायची, सेल्फ घेईल का नाही म्हणून."

रात्री हिशेब मांडला. हंगामात आठवड्याला चार फेऱ्या, म्हणजे सोळाशे किलोमीटर. ते सलग आणि महामार्गावरचे, म्हणजे डीपीएफला हवं तसंच चालणं. उरलेल्या महिन्यांत गाडी गावात फिरते, मळा ते घर ते पिंपळगाव. तेव्हाच ती तुंबणार. म्हणून ठरवलं की नवी डिझेल लांबच्या फेऱ्यांनाच काढायची. गावातली ओझी ट्रॅक्टर-ट्रॉलीवर. ओझं पासिंगइतकंच भरायचं, पूर्वी आम्ही जास्त भरायचो ते चूक होतं. आठ वर्षांत गाडी फिटते, पण परतीचं भाडं दोन फेऱ्यांमागे एकदा तरी मिळालं तरच.

सीएनजीही मनातून काढलेली नाही. पुढच्या बुधवारी दोन्ही गाड्या चालवून बघायला मिळणार आहेत. विक्रेत्याला अट घातली आहे की हौद्यात ६० भरलेले क्रेट टाकून कसारा खालून वर चढवून दाखवायचा. आण्णा चालवणार, मी शेजारी बसणार.

मिस्त्रीचा_मुलगा

घाट चढून वर आलात की लगेच चावी फिरवू नका. टर्बो तापलेला असतो, दोन मिनिटं इंजिन रिकामं फिरू द्या, मग बंद करा. आण्णांना ही सवय नसेल, जुन्या गाडीला लागत नव्हती. आणि जुनी गाडी कुणाला देताय ते कळवा. इंजिन भंगारात जाणार असेल तर मला पंप आणि चारही नोझल हवी आहेत. टेस्टर कुठे आहे ते मला माहीत आहे.

कादवाकाठ

भंगारात नाही जाणार. चांदोरीचा एकजण विहिरीवरच्या पंपाला जोडायला फक्त इंजिन मागतोय. आण्णांनी त्याला हो म्हटलं आहे. नोझल बदलायची वेळ येईल तेव्हा जुनी तुमच्याकडे पाठवायला सांगतो.